नळ सोडून खाल्लेले चुरमुरे

पत्राचा सारांश

बेळगावच्या शहापूर भागात राहणाऱ्या, ५८ वर्षांच्या एका शाकाहारी गृहिणीचे हे पत्र आहे. त्यांची मुलगी नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते आणि घरी आली की परत जाताना शेंगा चटणीचे दोन डबे नेते. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिने मोठ्या हौसेने आईला १० दिवस इटलीला नेले. बरोबर तिची एक मैत्रीण होती. तिथले जेवण आपल्याला आवडले, असे या बाई आवर्जून लिहितात. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुपारचे चार वाजले की घरच्या चुरमुऱ्यांची अशी आठवण होऊ लागली, की समोरच्या देखण्या इमारतींवर लक्ष ठरेना. घरी त्या वेळेला शेजारच्या कन्नड काकू चहाला येतात. बॅगेत चुरमुऱ्यांचा चिवडा, चकल्या आणि चटणी मिळून सहा किलो खाऊ होता. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा मुलगी मैत्रिणीसमोर म्हणाली, "आई, इथं येऊनसुद्धा चिवडाच का?" तिला आपली लाज वाटली, असा अर्थ बाईंनी लावला आहे. व्हेनिसमध्ये दुपारी चकल्या खाल्ल्यामुळे, मुलीने तीन आठवडे आधी ठरवलेले रात्रीचे जेवण त्यांनी अर्धे टाकले. फ्लोरेन्सच्या हॉटेलात तर एका संध्याकाळी न्हाणीघराचे दार लावून, कुरकुर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून, त्यांनी चुरमुरे खाल्ले. येत्या एप्रिलमध्ये मुलगी आणि जावई त्यांना ९ दिवस जपानला नेणार आहेत. त्यांपैकी चार दिवस टोकियोत छोटे स्वयंपाकघर असलेल्या घरात मुक्काम आहे. या वेळी चुरमुरे घरीच राहतील, असे मुलीने हसत हसत बजावले आहे. त्या विचारतात, "जिभेला आवर कसा घालावा? या वयात तिला वळण लागते का? की मी जाऊच नये?"

उत्तर

ताई,

नळाच्या वाक्यापाशी आले तेव्हा मला आधी हसू आले आणि मग त्या हसण्याचेच वाईट वाटले. ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षे घरातल्या प्रत्येकाच्या आवडीनिवडी सांभाळून डबे भरले, तिने स्वतःसाठी घेतलेले मूठभर चुरमुरे दाराला कडी लावून खावेत, हे काही ठीक झाले नाही. परंतु त्या प्रसंगातून तुम्ही जो प्रश्न काढला आहे, तो मला तसाच्या तसा स्वीकारता येत नाही. जिभेला आवर कसा घालावा, असे तुम्ही विचारता. म्हणजे दोष जिभेचा हे तुम्ही आधीच ठरवून टाकले आहे आणि मी फक्त शिक्षा सुचवायची आहे. मला आधी साक्षीपुरावा पाहू द्या.

पुरावा तुमच्याच पत्रात आहे. पास्ता तुम्ही चवीने खाल्लात, पिझ्झा दोनदा मागवलात, जिलाटो, म्हणजे तिथले आइस्क्रीम, तर रोज झाले. परके अन्न ज्याच्या घशाखाली उतरत नाही तो माणूस पहिल्या दिवसापासून वरणभाताचा ठावठिकाणा विचारत हिंडतो; त्याचे पत्र असे नसते. तुमची ओढ फक्त चार वाजताची होती. इटलीत दुपारचे जेवण अडीच-तीनपर्यंत आटोपते, त्यानंतर बहुतेक खाणावळींची स्वयंपाकघरे बंद होतात, आणि रात्रीचे जेवण सात-साडेसातच्या आत फारसे कुठे मिळत नाही. सकाळची न्याहारी गोड, म्हणजे कॉफी आणि त्याबरोबर एखादा गोड पाव. दिवसभर दगडी फरसबंदीवर पायपीट. त्यातून फ्लोरेन्स ज्या तोस्काना प्रांतात आहे, तिथला पारंपरिक पाव मीठ न घालता भाजतात. शहापुरात ज्या सुमाराला घरोघरी कढई चढते, नेमक्या त्या सुमाराला तुम्ही अळणी पावाच्या गावात बंद दारांपुढून चालत होता. तेव्हा काही खारट, तिखट, कुरकुरीत आठवले, तर त्याला कोतेपणा म्हणायचा की भूक?

आणि गंमत अशी, की भुकेला तिथेही उत्तर होते. दक्षिण इटलीतल्या ताराल्ली नावाच्या कड्या आपल्या कडबोळ्यांच्या चुलतबहिणी शोभतील अशा खुसखुशीत असतात आणि दुकानात पाकिटात मिळतात. पिसाला तुम्ही झुकता मनोरा पाहिलात, त्याच गावात हरभऱ्याच्या पिठाचे, भट्टीत भाजलेले चेचिना नावाचे जाडसर धिरडे मिरपूड घालून खातात. बेसनाचे धिरडे! ते तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर असेल. पण ते शोधायला आधी "मला भूक लागली आहे, काहीतरी तिखट-खारे हवे आहे" असे उघड म्हणावे लागते, आणि नळ सोडून बसलेल्या माणसाला वाट कोण दाखवणार?

घरचा खाऊ बरोबर नेणे म्हणजे मन कोते असणे, हे समीकरण आपल्याकडे कधी आले कोण जाणे. सौंदत्तीच्या डोंगराला किंवा पंढरपूरला निघालेला माणूस कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घेतो. त्याला कोणी "तिथं जाऊनसुद्धा भाकरीच का" असे विचारीत नाही. ज्या जपानला तुम्ही निघाला आहात, तिथले कितीतरी लोकही परदेशी जाताना पाकिटातले मिसो सूप आणि उमेबोशी नावाचे खारवलेले आंबट फळ बॅगेत टाकतात. टोकियोतल्या एखाद्या आजीला तुमची अडचण फार समजावून सांगावी लागणार नाही.

आता त्या चुरमुऱ्यांकडेच जरा जवळून पाहू. चुरमुरे आधी कोरडेच गरम करून बाजूला ठेवायचे. तेलात मोहरी तडतडली की सालींसकट ठेचलेला लसूण, तो कडेने तांबूस होईपर्यंत थांबायचे. मग शेंगदाणे, पुटाणी (डाळे), कढीपत्ता, हळद. आणि संकेश्वरी मिरचीची पूड अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर, नाहीतर ती जळून घरभर ठसका. वर बारीक चिरलेला कांदा. काकू येऊन बसतात, बोलणे मराठीत सुरू होते आणि कन्नडमध्ये संपते, ताटलीच्या तळाशी लसणाच्या जळक्या साली आणि मसाला उरतो आणि तो कोणी घ्यायचा याची ओढाताण होते. फ्लोरेन्समध्ये यांतले नेमके काय हवेसे वाटत होते? दातांखालची कुरकुर, मिरची, चहा, की काकू?

हा प्रश्न मी उगाच विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर बॅगेचे वजन ठरवते. निघण्यापूर्वी घरीच चार दिवस पाहून घ्या. एका दिवशी काकूंबरोबर नुसता चहा घ्या, चुरमुरे नकोत. दुसऱ्या दिवशी चुरमुरे एकट्याने खा. तिसऱ्या दिवशी दोघी बसा, पण समोर बेकरीतली खारी ठेवा. चौथ्या दिवशी पावावर लोणी आणि चिमूटभर चटणी एवढेच घ्या. कोणत्या दिवशी काहीच चुकल्यासारखे वाटले नाही, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझा अंदाज सांगायचा तर काकूंचा दिवस जिंकेल. पण तुमची जीभ तुमची, ती काय सांगते ते तुम्हालाच कळेल.

मिरचीच जिंकली, तर ते सर्वांत सोपे. तिखट ही खरे म्हणजे जिभेची चवच नव्हे. मिरचीतले द्रव्य उष्णतेची आणि वेदनेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. त्याच द्रव्याच्या साहाय्याने उष्णतेच्या जाणिवेचे कोडे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रोजच्या या चटक्याची सवय असलेल्याला तो एकाएकी मिळेनासा झाला, की पोट भरले तरी जेवल्यासारखे वाटत नाही. पण त्यावर चिमूटभर चटणी पुरते. सहा किलो खाऊ लागत नाही. या वयात जिभेला वळण लागते का, याचेही उत्तर इथेच देते. लागते, पण महिन्यांच्या हिशेबाने लागते, दिवसांच्या नव्हे. शिवाय वय वाढते तशी वासाची आणि चवीची जाणीव थोडी मंदावते, त्यामुळे ठसठशीत चवी अधिक हव्याशा वाटणे स्वाभाविक आहे. नऊ दिवसांच्या सहलीत जीभ सुधारण्याचा कार्यक्रम हाती घेऊ नका.

मुलीबद्दल मात्र मला दोन्ही बाजूंनी बोलायचे आहे. मैत्रिणीसमोर आईला टोकणे बरे नव्हते, आणि ते वाक्य तुम्हाला लागले, हे तिला सांगायला काहीच हरकत नाही. परंतु तिला तुमची लाज वाटली, हा जो अर्थ तुम्ही लावला आहे, त्याबद्दल मला शंका आहे. चटणीची लाज वाटणारी मुलगी दर खेपेला दोन डबे चटणी बेंगळुरूला नेत नाही. मग तिला काय झोंबले असेल? व्हेनिसचे ते अर्धे टाकलेले जेवण पुन्हा एकदा तिच्या जागी बसून पाहा. तिने तीन आठवडे आधी जागा राखून ठेवली, आईला काय आवडेल याचा विचार केला, पैसे साठवले, आणि आई आली ती चकल्यांनी पोट भरून. तुम्ही एखाद्या सणाला पहाटेपासून राबून मांडे करावेत आणि पाहुण्यांनी "आम्ही येतानाच खाऊन आलो" म्हणावे, तेव्हा जे वाटेल, तेच तिला वाटले असेल. बेळगावच्या बाईला मांड्यांचा खटाटोप मी सांगायला नको. म्हणजे चिवड्याशी तिचे भांडण नसावे. तिच्या बेतावर चिवड्याने पाणी फिरवले, याच्याशी असावे. हा माझा तर्क आहे, आणि तो बरोबर की चूक हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून विचाराच. बॅगा भरायच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळेच चिडलेले असतात. पुढच्या वेळी ती घरी आली की, यजमानांना मध्यस्थ न करता, तुम्ही स्वतः बोला. साधारण असे: "मला दुपारी चारला काहीतरी तिखट-खारे लागते, ते मी लपवणार नाही. दिवसाला एक छोटी पुडी आणीन आणि ती आपण तिघे बसून खाऊ. रात्रीचे जेवण तू आधी ठरवले असशील त्या दिवशी पुडी उघडणार नाही. आणि निदान तीन दिवस चारचा खाऊ तू निवड, तिथला, मी खाईन." यात तुम्ही काही मागता आहात आणि काही देताही आहात. नुसते "मला माझे खाऊ दे" म्हटले तर ती तुमची तक्रार होते. नुसते "नाही आणत बाई" म्हटले तर पुन्हा न्हाणीघर आणि नळ. जाऊच नये का, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मी जागा घालवीत नाही. जा.

आता सामान. नऊ दिवसांना सहा किलो नको, नऊ पुड्या पुरेत, तिघांत मिळून मूठ-मूठ येईल एवढ्या. चुरमुरे वजनाला हलके पण जागेला भारी. बॅग लवकर भरते आणि दाबली तर भुगा होतो, त्यामुळे त्या पुड्या एका पातळ पण कडक डब्यात बसवा. मोठी पिशवी एकदा उघडली की चुरमुरे दुसऱ्या दिवशी सादळतात. रोजची पुडी वेगळी बांधण्याचे हेच मुख्य कारण आहे. पातळ पोह्यांचा चिवडा जास्त टिकतो, म्हणून दोन-तीन पुड्या त्याच्या करा. चटणी कोरडी, पाव किलोच्या आत, आणि तेलातली मुळीच नको. मी एकदा तेलातली लसणाची चटणी झाकण घट्ट लावून, वर चिकटपट्टी गुंडाळून नेली होती. ती बरणीतून निघून माझ्या एकुलत्या एक पांढऱ्या शालीत शिरली, आणि ती शाल आजही कपाट उघडले की आपली हजेरी लावते.

विमानाचे काही नियम तुमच्याइतकेच इतर वाचकांच्याही उपयोगाचे आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तिखटाची पूड, लोणचे आणि चटणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. तपासणीत ती काढून ठेवावी लागते. ती मोठ्या बॅगेत जाऊ द्या. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी विमान कंपन्या नेऊ देत नाहीत, कारण त्यातले तेल पेट घेऊ शकते. जपानमध्ये मांसाचे पदार्थ, ताजी फळे आणि ताजा भाजीपाला तपासणीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही. म्हणजे हिरव्या मिरच्या, लिंबे आणि कढीपत्त्याच्या डहाळ्या घरीच ठेवा. तळलेल्या, भाजलेल्या कोरड्या शाकाहारी खाऊची तशी अडचण नसते.

मात्र देश बदलला की नियम बदलतो, आणि आपल्या भागातले दोन लाडके पदार्थ इथे अडखळतात. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेण्यास बंदी आहे, त्यामुळे खव्याचा कुंदा तिकडे नेण्याच्या फंदात पडू नये. विमानतळावरच्या कचरापेटीत कुंदा टाकावा लागणे याहून दुःखद प्रसंग मला तरी सुचत नाही. दुसरा पदार्थ गोकाकचा करदंट, म्हणजे सुक्या मेव्याची मिठाई. त्यात पुष्कळदा खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिराती व सिंगापूर येथे खसखस नेणे हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा ठरतो. कांदा-लसूण मसाल्यातही खसखस घालतात, हे घरी मसाला कुटणाऱ्या बाईलाच ठाऊक असते. मुलाच्या बॅगेत तो डबा ती प्रेमाने ठेवते आणि मुलाला त्याची गंधवार्ता नसते. दुबईच्या किंवा सिंगापूरच्या मुलाकडे निघालेल्यांनी हे नक्की पाहावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी खाऊ असल्याचे उतरताना जाहीर करावे. दाखवलेला खाऊ बहुधा परत मिळतो, पण न सांगता नेलेल्या जोखमीच्या खाऊसाठी न्यूझीलंडमध्ये विमानतळावरच ४०० डॉलरचा दंड होतो. म्हणजे तिथेही, ताई, लपवण्याचीच शिक्षा मोठी आहे. निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचे संकेतस्थळ मुलाबाळांकडून एकदा वाचून घ्यावे, कारण असे नियम अधूनमधून बदलतात.

जपानमध्ये चार वाजता काय मिळेल, हे आता पाहू, कारण तीन दिवस तरी तुम्ही तिथले खाणार आहात. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर दिवसरात्र उघडी असणारी दुकाने आहेत, म्हणजे इटलीतला बंद दारांचा प्रश्न उद्भवणार नाही. त्या दुकानांत काकी-नो-ताने नावाचा खाऊ मागा. तांदळाच्या पिठाचे, चंद्रकोरीसारखे लहान, सोया सॉस आणि मिरची लावलेले कुरकुरीत तुकडे आणि त्यांत मिसळलेले शेंगदाणे, असा तो प्रकार आहे. तो मूळचा निगाता भागातला, आणि काकी नावाच्या फळाच्या बीसारखा आकार म्हणून त्याचे नाव तसे पडले. तुमच्या चिवड्याला तो पर्याय नव्हे, पण शेजारी म्हणून बसायला हरकत नाही. शेंगदाण्यांची तर तिथे ददात नाही, कारण टोकियोला लागून असलेला चिबा प्रांत भुईमुगासाठीच ओळखला जातो. तिखटासाठी शिचिमी म्हणजे सात जिनसांचा मसाला मिळतो, त्यात मिरचीबरोबर तीळ आणि संत्र्याची वाळलेली साल असते; एक छोटी डबी घेऊन बॅगेत ठेवलीत तर चटणी पुरवून पुरवून वापरता येईल.

तुम्ही शाकाहारी असल्यामुळे एक सावधगिरी हवी. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचा काढा जिथे तिथे असतो, आणि तो बहुधा वाळवलेल्या माशाच्या कापांपासून करतात. दिसायला निव्वळ भाजीचे वाटणारे सार, नूडल्स, शिजवलेल्या भाज्याही त्याला अपवाद नाहीत. खाऊच्या पाकिटांतही माशाचा अर्क असू शकतो. मुलीच्या फोनमधून पाकिटावरचा मजकूर भाषांतरित करून वाचता येतो, ते काम तिच्याकडे द्या. भाताच्या गोळ्यात उमेबोशी भरलेली ओनिगिरी हा त्यातल्या त्यात बरा आधार आहे, कारण भात आणि लोणचे या जोडीला आपल्याकडे ओळख लागत नाही. पण तिचेही पाकीट वाचूनच घ्या. भाज्यांचा तेम्पुरा म्हणजे थेट भजी. ती कला जपानला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून मिळाली असे मानतात, आणि आपल्या भज्यांतली मिरचीही आपल्या देशात त्यांनीच आणली, चोर्ला घाटापलीकडच्या गोव्याच्या वाटेने. भज्यांबरोबर येणाऱ्या पातळ सॉसमध्ये दाशी असते. त्याऐवजी मीठ मागावे, ते देतात. भाषेचे ओझे वाटून घेऊ नका. खडेबाजारात अर्धा भाव मराठीत आणि अर्धा कन्नडमध्ये करणाऱ्या बाईला तिसऱ्या देशात बोट दाखवून मीठ मागता येणार नाही, हे मला कोणी सांगू नये.

चहाचे म्हणाल तर तिथला नित्याचा चहा हिरवा, बिनदुधाचा, किंचित कडवट. दूध घातलेला गोड चहाही दुकानांत आणि रस्त्यावरच्या यंत्रांत बाटलीत मिळतो. चिमूटभर सुंठ पूड बरोबर ठेवलीत तर तो आपल्या बाजूला बराच सरकेल.

पुडी कुठे उघडायची, याचेही तिथे संकेत आहेत. चालता चालता खाणे जपानमध्ये फारसे शिष्टसंमत नाही आणि शहरातल्या लोकलमध्ये तर कोणी खात नाही. लांबच्या शिंकान्सेन, म्हणजे बुलेट गाडीत मात्र लोक डबे उघडून निवांत जेवतात, तिथे तुमचे चुरमुरे बिनदिक्कत निघू द्या. बागेत बाक असेल तर तोही चालेल. रस्त्यावर कचरापेट्या क्वचित दिसतात, १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला त्यानंतर त्या आणखी कमी झाल्या. म्हणून रिकाम्या पुड्या ठेवायला एक पिशवी जवळ असू द्या. कुरकुर आवाजाची काळजी मात्र सोडा. ज्या देशात नूडल्स भुरकण्याचा आवाज झाला तरी कोणी वळून पाहत नाही, तिथे बाकावर बसलेल्या माणसाच्या चुरमुऱ्यांकडे कोण कान देईल?

राहिला काकूंचा प्रश्न, आणि चार दिवसांच्या प्रयोगात खरोखर काकूच जिंकल्या, तर हा प्रश्न बॅगेत भरता येणार नाही. पण घड्याळ तुमच्या बाजूने आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे दुपारचे चार वाजतात तेव्हा शहापुरात साडेबारा, काकूंची भाकरी तव्यावर. आणि शहापुरात चारचा चहा होतो तेव्हा टोकियोत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तुम्ही दिवसभर हिंडून खोलीवर आलेल्या असाल. तेव्हा एक फोन करा, दहा मिनिटांचा. काय पाहिले ते सांगा, त्यांनी कढईत काय घातले ते विचारा. मागच्या वेळी इटली साडेतीन तास मागे होती. तुमची चारची हुरहुर सुरू व्हायची तेव्हा इकडे साडेसात, काकू रात्रीच्या स्वयंपाकाला लागलेल्या. दोघींची गाठ पडणे कठीणच होते.

मुलीशी बोलणे झाले की तिला एवढेच विचारा, की तिच्या वाट्याच्या पुड्या शेंगा चटणी लावून हव्यात की नुसत्या, आणि जावयांना लसूण चालतो का. चिवडा निघण्याच्या आदल्या रात्री घाईने करू नका, दोन दिवस आधी करा. कढईतून काढल्यावर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, कोमट असताना बांधला तर आतल्या वाफेने पहिल्याच दिवशी मऊ पडतो. त्यातूनही एखादी पुडी सादळलीच, तर ती टोकियोतल्या मुक्कामासाठी राखून ठेवा, तिथल्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटे परतली की पुन्हा बोलू लागते. कांदा इथून नेऊ नका. तो तिथे मिळतो, आणि चिरायचे काम जावयांना सांगता येईल.